काजळीची रेघ

माझ्या बाबांचा हात थरथरायचा. ही गोष्ट आमच्या घराने गावापासून लपवून ठेवली होती, आणि मी ती कागदावर आणून, काच लावून, मालवणच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भर दिवसा भिंतीवर टांगली. खाली सही माझी. हे सगळं मी मोठा शहाणपणा म्हणून केलं. आता केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी ते आठवलं की मला बसवत नाही. उठते, उगाच तांब्या भरून आणते, पाणी पीत नाही, परत ठेवून देते.

आचऱ्याला आमची गणपतीची शाळा होती. परक्या माणसाला शाळा म्हटलं की पाटीदप्तर आठवतं. आमच्याकडे मूर्ती घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात. आमची शाळा म्हणजे घराचीच लांब पडवी. नागपंचमीला घराघरातून पाट यायचे, वर नारळ आणि सुपारी. ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याची त्याची मूर्ती. कोणाचा पाट कुठल्या शाळेत जायचा हे आज्यापणज्यांच्या वेळचं ठरलेलं. पाट सहसा हलत नाही, पण एकदा हलला की परत येत नाही. आमच्या शाळेत पहिला पाट एका म्हाताऱ्या तांडेलाचा. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. त्यांचा पाट आला की मग बाकीचे यायचे, हा मान.

बाबा माती चांगली मळायचे, सोंड चांगली वळवायचे, पण ते काय, चार शाळांतून चार माणसं करतात. बाबांचं नाव होतं ते डोळ्यांसाठी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते डोळ्यांची आखणी करायला बसत. बारीक कुंचला, काळा रंग, एक श्वास आत, आणि एका ओढीत वरची पापणी. तेव्हा पडवीत माणसं जमायची. मी लहानपणापासून रंग कालवून द्यायला बाजूला असायची आणि मला वाटायचं, माझेच बाबा, मीच काय ते जवळून बघतेय.

मी एकविसाव्या वर्षात होते त्या साली बाबांनी कुंचला उचलला आणि तो हवेतच हलायला लागला. आधी चहाची बशी हलायची, विडी पेटवताना काडी विझायची, आई बघून न बघितल्यासारखं करायची. पण कुंचला हलला तेव्हा बाबा त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू दुसऱ्या कोणाचा हात चुकून त्यांच्या खांद्याला लागलाय. माणसं अजून जमली नव्हती. ते हळूच म्हणाले, "दार ओढ गो चेडवा. माझो हात आज माझो नाय."

दार ओढलं. त्या वर्षीचे सगळे डोळे मी आखले. बाहेर माणसं आली तेव्हा बाबा आतूनच ओरडले, "देव डोळे उघडता तेवा कोणी बघूचां नसता!" आई कपाळाला हात लावून म्हणाली, "जल्मभर उघड्या दारात आखलास, आणि आता ह्यां खंयसून इलां?" पण गावाने ते निमूट मानलं. एक-दोन म्हाताऱ्यांनी तर मान हलवून सांगितलं, होय, पूर्वी असंच होतं. आमच्याकडे चाल पडायला एवढंच लागतं.

खरं सांगते, मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. माझे डोळे नीटनेटके आले होते, दोन्ही बाजू मापात. पण धाकधूक होती. कळलं तर पाट जाणार. आम्ही उपाशी मेलो नसतो, घरापुरतं भात पिकत होतं. पण बाबांना गावात जे काही होतं ते त्या पाटांमुळे. देवळात बसायला जागा त्यांच्यामुळे, लग्नात पहिल्या पंगतीचं बोलावणं त्यांच्यामुळे. पाट गेले असते तर बाबा पडवीतल्या खुंटीसारखे राहिले असते, वर काही न टांगलेल्या.

त्यानंतर बाबांनी कुंचल्याला हात लावला नाही. दिवसभर पडवीत फेऱ्या मारायचे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी गावातल्या शाळेत मुलींना शिवण आणि चित्रकला शिकवायची, घरी आले की त्या फेऱ्या बघून माझं डोकं फिरायचं. "बसा ओ जरा एका जाग्यार!" म्हणून मी ओरडायची आणि मीच उठून मागच्या दारी फेऱ्या घालायची. त्या हिवाळ्यात आमच्या घरात आई सोडून कोणीही पाच मिनिटं सलग बसलेलं नव्हतं.

अशात एकदा मी मालवणला गेले होते. तिथे हायस्कुलात चित्रकलेचे एक मास्तर होते. त्यांनीच मला परीक्षांना बसवलं होतं. त्यांनी कपाटातून परदेशी मासिकाचं एक पान काढलं आणि म्हणाले, "हे बघा. आणि हसू नका."

मी हसलेच. दोन तळहातांएवढं चित्र. जलरंगातलं. विटकरी, मोहरीच्या रंगाचे, फिकट निळे असे लहान लहान चौकोन एकमेकांना चिकटून बसवलेले, गोधडीच्या ठिगळांसारखे. त्यांच्यावरून एक काळी रेघ आपल्या मनाने हिंडत गेलेली. रेघेचं घर झालेलं, घराला पाय. एक मासा छत्री घेऊन उभा. एक चंद्र कंटाळलेला. पोरखेळ म्हणून मी पान परत दिलं, आणि परत मागून घेतलं. ती रेघ साधी नव्हती. तिला बारीक लव होती, मधमाशीच्या पायाला असते तशी, आणि आजूबाजूला मळक्या बोटांचे ठसे उठल्यासारखे डाग. ती थरथरत होती, पण घाबरलेली नव्हती.

"मास्तर, ही शाई नव्हे," मी म्हटलं. "शाई असती तर वरून रंग लावताना फुटली असती."

"तेच तर," मास्तर म्हणाले. "माघात आपल्या हॉलमध्ये प्रदर्शन ठेवतोय. मुंबईहून परीक्षक येतील. तुम्ही शोधा कसं केलंय ते, आणि असलं एक चित्र द्या. नेहमीचा किल्ला आणि सूर्यास्त आणलात तर मी लावणार नाही."

झालं. माझ्या डोक्यात किडा सोडून दिला त्या माणसाने. मी एसटीत बसले तीच बोटाने मांडीवर रेघा ओढत.

पुढचा महिनाभर मी घर घाण केलं. कागद भिजवून पेजेच्या खळीने फळीवर ताणून बसवायचे, सुकले की नगाऱ्यासारखे वाजायचे, एवढं येत होतं. चौकोनही जमले. एक पातळ हात द्यायचा, पूर्ण सुकू द्यायचा, मग दुसरा. घाई केली की दोन रंग एकमेकांत शिरून चिखल व्हायचा, आणि घाई तर माझ्या हाडात. पण रेघ जमेना. टाकाने काढली, मेली. पेन्सिलीने काढली, ती शाळेतली वाटली. मुद्दाम हात हलवून काढली, तर खोटी. माणूस लंगडायचं सोंग करतो तेव्हा कसा दिसतो, तशी.

मग एक दिवस आई दिव्याच्या काचेची काजळी पुसत होती. काळं बोट तिने माझ्या कागदाच्या मागच्या बाजूला टेकवलं आणि तो कागद दुसऱ्या कागदावर ठेवला, तर खालच्यावर त्याचा डाग उमटला. मी ताडकन उठले. काजळी जमवली, खोबरेलात कालवली, एका पातळ कागदाला फासली. ती काळी बाजू खाली करून चांगल्या कागदावर ठेवली, वर आणखी एक रद्दीचा कागद, आणि गोणी शिवायच्या दाभणाने त्यावर रेघ ओढली. वरचा कागद उचलला, खाली तीच लव असलेली रेघ! जिथे तळहात टेकला होता तिथे तेच मळके डाग. "आवशीचो घो!" मी ओरडले, आणि आईने माझ्या पाठीत धपाटा घातला, मुलीच्या जातीने असं बोलतात का म्हणून.

खोबरेल मात्र कागदात पसरलं, पापड तळून ठेवल्यासारखे डाग पडले. मग होड्या रंगवणाऱ्याकडून जवसाचं तेल आणलं. ते सुकतं. चार दिवस ठेवलं की रेघ पक्की व्हायची, आणि वरून पाण्याचा रंग नेला की तेलकट रेघ पाण्याला जवळ येऊ द्यायची नाही, रंग तिच्या दोन्ही बाजूंना थबकून उभा राहायचा. हेच ते. मला सापडलं होतं. पण माझी रेघ अजून माझीच होती, नीटनेटकी, मापात. पद्धत मिळाली आणि जीव मिळाला नाही. मी दाभण भिंतीवर फेकलं.

बाबांनी ते उचलून आणलं. त्यांच्या हातात ते हलत होतं.

मला तेव्हाच सुचलं. बरं सुचलं की वाईट ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, "बाबा, तुमी काडा."

"माझी चेष्टा करतंस?" ते भडकले. "हात बघलंस मा माझो?"

"ओ, वरसून रेघ दिसतच नाय. दाभणाची रेघ दिसता काय? काडून तर बघा. गावपळण काडा."

गावपळण ही आमच्या गावची चाल. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि तीन दिवस तीन रात्री अख्खं गाव रिकामं करायचं. माणसं, गुरं, कोंबडी, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोप्यांत राहायचं. मागे गावात एक चूल पेटत नाही. बाबांना लहानपणच्या गावपळणीच्या गोष्टी सांगायला फार आवडायचं, आणि आम्ही त्या ऐकून ऐकून कंटाळलो होतो.

ते बसले. पहिली दोन-तीन मिनिटं हाताकडे बघत होते. मग कळलं असावं की वर काहीच दिसत नाही, हलणंही दिसत नाही. खांदे खाली आले. ते बोलायला लागले आणि बोलता बोलता हात चालायला लागला. ही आमची म्हातारी, डोक्यावर जातं घेऊन, खाली ठेवीना. ही कोंबडी खाटेवर, खाट होडीत. हा रेडा, ह्याला जायचं नव्हतं. "आणि माका तेवा वाटायचां," बाबा म्हणाले, "आपण गेलो काय घरांपण मागसून चालत येतली." हसत होते. कितीतरी महिन्यांनी हसत होते. ऊन अंगणातून पडवीत आलं, पडवीतून गेलं, ते एकदाही उठले नाहीत. एकाच जागी बसलेले बाबा बघून आई दारातून दोनदा येऊन गेली.

कागद उचलला. खाली घरं चालत होती. चार चार पायांची, दोन पायांची, एक लंगडत. म्हातारी, खाट, रेडा, आणि सगळ्यांच्या मागे आमच्या शाळेचा उंदीर, मोदक घेऊन पळणारा. बाबांचा उंदीर साऱ्या तालुक्यात ओळखू यायचा, त्याच्या शेपटीला दोन वेढे असायचे. आणि सगळी रेघ थरथरत होती. घरं चालताना हलतात तशी हलत होती. मासिकातल्या पानावरची रेघसुद्धा हिच्यापुढे शिकाऊ वाटली मला.

बाबा बघत राहिले. हसू गेलं. आपल्या हाताचं हलणं त्यांनी पहिल्यांदाच असं थांबलेलं बघितलं. म्हणाले, "ह्यां कोणाक दाखवू नको हां."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसता हुंकार दिला. असल्या हुंकारासाठी देवाने माणसाला नाक दिलंय.

आठ दिवस मी त्यावर रंग चढवले. चौकोन चौकोन, पातळ हात, माघातल्या कोरड्या हवेत भराभर सुकणारे. जाळीचा निळा, कौलाचा विटकरी, सुक्या झापाचा करडा. देऊळ तेवढं चालत नव्हतं, ते मी कोरं सोडलं, कागदाचं पांढरं तसंच. आभाळाच्या ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकले, ते पाणी ओढून घेतात आणि चांदण्यांसारखं काहीतरी उमटवून जातात. रेड्याच्या पाठीवरचा रंग ओल्या फडक्याने उचलला, तिथे ऊन पडलं. रंग माझे होते आणि चांगले होते, ते मी कोणालाही सांगेन. मग कोपऱ्यात काजळीचा कागद ठेवून दाभणाने माझी सही केली, आडनावासकट. आणि बाबांना न सांगता चित्र मालवणला दिलं. मनाची समजूत घातली की आचऱ्याचं कोण जातंय चित्रं बघायला? मालवणला माणसं मासळीला जातात, दोरखंडाला जातात, कोर्टात जातात.

तांडेल दोरखंडाला आले होते. उन्हाचे सावलीला म्हणून हॉलमध्ये शिरले.

मी चित्राजवळच उभी होते, नवं लुगडं नेसून. तांडेल चित्रापुढे थांबले, वाकले, बोट काचेला लावलं. "ह्यो तुझ्या बापाशीचो उंदीर." मग आणखी जवळ गेले. "पण मेलो असो कित्याक हलता?"

डोळ्यांसमोर पाट दिसले, ओळीने चाललेले, दुसऱ्या शाळेकडे. मी म्हटलं, "तां मुद्दाम केलंय. नवीन पद्धत आसा ही."

"तू काडलंस?"

"होय. मीच."

ते माझ्याकडे एकदा, उंदराकडे एकदा बघून निघून गेले. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच परीक्षक आले. मुंबईचे, चष्म्याचे, शांत. बराच वेळ बघून म्हणाले, "रंग तुम्हाला कोणीतरी नीट शिकवलेत. पण ही रेषा शिकवून येत नाही. कुठून आली?"

इथे तांडेल नव्हते. इथे पाटांची भीती नव्हती. हा माणूस रात्रीच्या मोटारीने मुंबईला जाणार होता, त्याला आमच्या गावाशी देणंघेणं नव्हतं. त्याला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "सरावाने आली, सर."

पहिलं बक्षीस मिळालं. एसटीत मी ते मांडीवर घेऊन बसले, आणि फोंडाघाटच्या चढावर एसटी घुरघुरते तसं माझं काळीज सरळ रस्त्यावरसुद्धा घुरघुरत होतं. घरी बाबांना सांगितलं, बक्षीस शाळेतल्या मुलींच्या शिवणकामाला मिळालं. चित्र ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली. खोटं बोलायला लागलं की माणूस किती हुशार होतो!

त्यानंतरचे महिने मी कसे काढले माझं मला माहीत. तांडेल देवळात दिसायचे, बाजारात दिसायचे, बोलायचे नाहीत. त्यांना कळलं होतं की नव्हतं? वाटेत मला बघून ते खाकरले तरी मी त्याचा अर्थ लावत बसायची. मुलींना उलटी टीप घालायला शिकवली एकदा, आणि उसवायला लावून त्यांच्यावरच चिडले.

नागपंचमी आली. सकाळी पडवी सारवून, माती मळून ठेवलेली. बाबा नवं धोतर नेसून बसले, उठले, बसले. पहिला पाट यायची वेळ झाली, टळली. पहिला येईना म्हणून दुसरा येईना. कुंपणापलीकडून माणसं पाट घेऊन जाताना दिसली, थबकली, कुजबुजली, पुढे गेली. आई म्हणाली, "जेवून घेवा." कोणी उठलं नाही. बाबा हात धोतरात लपवून बसले होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना कारण सापडत नव्हतं, आणि मला कारण ठाऊक होतं म्हणून मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी मनात म्हटलं, आता उठून सांगायचं. आणि उठून पाणी आणायला गेले.

दुपार कलल्यावर तांडेल आले. खांद्यावर पाट. उतरवून ठेवला नाही, तसाच मांडीवर घेऊन बसले. बाबांनी नारळाला हात पुढे केला तर म्हणाले, "थांब. आधी बोलतंय. गेल्या चतुर्थेक माझ्या घरात बसलो त्या गणपतीचे डोळे तुझे नाय होते."

बाबांचा चेहरा मातीसारखा झाला.

"पयल्याच आरतीक माझ्या बायलेक कळलां. म्हणाली, देव आपल्याक बघना नाय, सरळ समोर बघता. मी म्हटलंय, गप रव. तेच्या मनात असात तेवा तो सांगात." तांडेलांनी माझ्याकडे मान वळवली. "मगे मालवणात तेचो उंदीर बघलंय. हलत होतो. ह्यां चेडू माका म्हणता, मीच काडलंय. खोटां बोललंस मा गो?"

"होय," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं, चित्र, बक्षीस, सही. परीक्षकाला काय उत्तर दिलं तेही सांगितलं, कारण आता थांबवतच नव्हतं.

तांडेल म्हणाले, "तेचां तुमी मागसून बघा. माका औंदा तुझे डोळे होये."

"हात हलता रे माझो," बाबा म्हणाले. गावातल्या माणसापुढे ते पहिल्यांदाच तसं म्हणाले, आणि म्हणताना हात धोतरातून बाहेर काढला.

"माझो हलना नाय? वल्ह्यां धरूक जमना नाय माका आता. तरी होडयेर बसतंय मा? हललेले डोळे चलतीत माका. आणि दार उघडां ठेव. बघूंदे सगळ्यांका." आणि पाट खाली ठेवला.

त्या वर्षी सहा पाट आले नाहीत. ते पुढेही आले नाहीत. बाकीचे त्या संध्याकाळी आले.

बाबा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. माती मळायचे, साचे न वापरता मूर्ती उभ्या करायचे, मी पाणी दिलं तर घ्यायचे. मी मुकाट्याने रंग कालवायची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दार उघडं ठेवलं. पडवी भरली. तांडेल उंबऱ्यात बसले, त्यांची मूर्ती बाबांच्या पुढे. बाबांनी कुंचला बुडवला आणि हात हलायला लागला. माझ्याने राहवलं नाही, मी त्यांच्या मनगटाला आधार द्यायला हात पुढे केला.

"सोड," बाबा म्हणाले.

मग त्यांनी हाताकडे बघणं सोडलं. त्या दुपारी रद्दीच्या कागदावर केलं होतं तसंच. ते तांडेलांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हात मूर्तीवर आपल्या मनाने चालला. एका ओढीत नव्हे, तीन-चार ओढींत, थांबत, हलत. डावी पापणी किंचित रुंद झाली, उजवीच्या कडेला रेघ दुहेरी पडली. बाबा बाजूला झाले. ती मूर्ती सरळ समोर बघत नव्हती. ती उंबऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याला ओळखून बघत होती. तांडेल हात जोडायचे विसरले. मग एकदम जोडले.

बाकीच्या मूर्तींचे डोळे मी आखले, उघड्या दारात, सगळ्यांदेखत. मुलगी आखते म्हणून एक-दोघांनी नाक मुरडलं. मुरडू दे.

गणपती गेल्यावर मी ट्रंकेतून चित्र काढलं, काच उतरवली आणि सही पुसायला बसले. जलरंग पाण्याने उचलता येतो, हे मी मुलींना वर्गात शिकवत होते. ओला कुंचला फिरवायचा, टिपकागदाने टिपायचं. आजूबाजूचा निळा उठला, पांढरा डाग पडला, आणि माझं नाव तसंच. जवसाच्या तेलातली काजळी, पाण्याला कशाला दाद देतेय? मी पातं घेऊन खरवडायला लागले.

"काय खरवडतंस?" बाबा मागे उभे होते.

"सही काडतंय. रेघ तुमची आसा."

"आणि रंग?"

"रंग माझे."

"मगे सही रवांदे." ते बसले. "तो काळो कागद हाड. आणि दाभण."

मी आणून दिलं. त्यांनी काळा कागद सहीवर ठेवला, वर रद्दी ठेवली, आणि हलत्या हाताने बराच वेळ काहीतरी कोरत राहिले. मला बघू दिलं नाही. उचललं तेव्हा माझ्या सहीला एक उंदीर लागला होता. शेपटीला दोन वेढे. माझ्या आडनावाच्या शेवटच्या अक्षराचा पाय त्याने दातांत धरला होता आणि तो कुरतडत होता. बाबा एवढे हसले की आई चुलीवरून उठून आली. मी हसता हसता रडायला लागले ते मग थांबेचना.

ते चित्र आता माझ्या खोलीत आहे. त्या वर्षीचे डोळे समुद्रात गेले, पुढच्या चार वर्षांचेही गेले, मग बाबा गेले. घरी येणारी माणसं चित्रापुढे थांबतात, चालणाऱ्या घरांना हसतात, आणि सही वाचायला वाकली की विचारतात, हा उंदीर इथे कशाला काढलात?

मी सांगते, तो मी काढला नाही. मी खोटं बोलले होते, म्हणून बाबांनी काढला.